एक टाकी हवा आणि आसरांचा डोह

मोंबासाहून निघताना माझ्याजवळ पाच आठवड्यांची रजा होती आणि दाबून हवा भरलेल्या दोन टाक्या. बंदरात जहाजांचे तळ तपासणाऱ्या आम्हा पाणबुड्यांच्या टोळक्यात त्या वर्षी एकच वाद रंगला होता, सुट्टीत परदेशी जाऊन बुडी मारायची तर कुठे? दोघे सेशेल्सला निघाले होते, एक मॉरिशसला. तांबड्या समुद्राचे गोडवे गाणाराही एक होता, मात्र तो स्वतः तिकडे कधी फिरकला नव्हता. मी म्हणालो, मी सातारा-सांगलीला जाणार. त्यांनी नकाशा काढला आणि साताऱ्याजवळ समुद्र शोधू लागले.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी हे लिहितो आहे, तेव्हा आधीच कबूल करतो की तुमच्यापैकी पुष्कळांचं ते गाव असलं तरी मला तो परदेशच होता. माझा जन्म इथला, मोंबासाचा. आईचा देश बघायचा आणि तिथल्या पाण्यात उतरायचं, एवढाच माझा बेत. आईला तो आवडला नव्हता. ती टाक्यांकडे बघत म्हणाली, "तिकडच्या नदीत नको उतरूस. समुद्र माणसाला बाहेर तरी टाकतो. डोह ठेवून घेतो." मी हसलो. वर्षातून शंभरदा पाण्याखाली जाणाऱ्याला अशा गोष्टींचं हसूच येतं.

मुंबई बंदरात जकातवाल्यांनी टाक्या अडवल्या. यात काय आहे म्हणे. मी म्हणालो, हवा. कुठली? मोंबासाची. "मुंबईत हवा मिळत नाही काय?" असं त्या गृहस्थांनी अगदी गंभीरपणे विचारलं आणि दोन तास बसवून मग सोडलं.

सांगलीच्या फलाटावर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ "चंपीचा मुलगा आला, चंपीचा मुलगा आला" असं ओरडत माझ्या दिशेने धावत आले. मी मागे वळून कोणाचा मुलगा ते बघू लागलो. माझ्या आईला मोंबासात सगळे सुमतीबाई म्हणतात. हे मामा. हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, हाताच्या रेषांत अजून पिवळेपणा असलेले. घरी नेऊन त्यांनी माझ्यापुढे भडंग (तिखट-मीठ-लसूण लावलेले कुरमुरे) ठेवलं आणि लगेच विषयाला हात घातला. "बोल. कुठं बुडायचं?"

मामांनी बुडण्याच्या जागांची चौकशी वधूसंशोधनाच्या थाटात केली होती. पहिलं स्थळ आटपाडीचं. तिथल्या पाहुण्यांनी पत्राने कळवलं होतं की आमची विहीर साठ हात खोल आहे. ती होतीच. आम्ही धुळीच्या एस.टी.तून तीन तास खडखडत गेलो, काठावरून वाकून पाहिलं, तर तळाला घोटाभर पाणी आणि त्यात एक कासव. दुष्काळ सरून दोन वर्षं होत आली होती, पण विहिरीला ते कळलेलं दिसलं नाही. पाहुणे म्हणाले, "पावसाळ्यात या की." दुसरं स्थळ महाबळेश्वरचं तळं. देखणं, गार, धुक्यात बुडालेलं. पण नावाड्याने काठी खुपसून खोली दाखवली तेव्हा ती मला पंधरा फूटसुद्धा वाटली नाही. धरणाच्या पाण्यात उतरायला परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत माझी रजाच काय, नोकरीही संपली असती.

त्यात एक टाकी हलकी लागू लागली. मामांनी मला सायकलवर डबलसीट घेऊन कुपवाडला नेलं. तिथे नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत त्यांच्या ओळखीच्या इस्माईल मिस्त्रींचं लेथचं वर्कशॉप होतं. मिस्त्रींनी टाकीच्या तोंडाला साबणाचा फेस फासला, आणि फेसातून बारीक बुडबुडे फुटू लागले. एक टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. त्यांनी भरून द्यायची तयारी दाखवली, पण रंग फवारण्याच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा छातीत घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणजे उरली एक टाकी. उथळ पाण्यात तास, खोल पाण्यात अर्धा तास. बुडी एकच.

मिस्त्री हात पुसत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकच डाव हाय म्हणताय, तर आमच्या गावच्या डोहात उतरा. एक बाई बारा वर्सं वाट बघतीया."

"कशाची?" मी विचारलं.

"पेटीची," ते म्हणाले.

त्यांचं गाव कराडच्या वर, कृष्णेच्या काठी. गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि पुढे येणारी माणसांची नावंही खरी नाहीत. गाव उसाचं आणि फौजेचं. घराआड एक माणूस पलटणीत. मिस्त्रींच्या शेजारच्या घरातला मुलगा चीनच्या लढाईच्या वेळी रजेवर आला होता. मध्येच परत बोलावण्याची तार आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नदी ओलांडून स्टेशनकडे निघाला आणि पलटणीत पोचलाच नाही. दोन महिन्यांनी सरकारी कागद आला की शिपाई हजर झालेला नाही, फरार समजण्यात येत आहे. त्याच्या बायकोला तेव्हापासून गाव पळालेल्याची बायको म्हणतं. आणि बापाला, जो स्वतः हवालदार होऊन परतला होता, गाव काहीच म्हणत नाही. तो बारा वर्षांत पारावर बसायला गेलेलाच नाही.

"नदी वलांडायच्या उताराच्या खालीच डोह हाय," मिस्त्री म्हणाले. "पाय घसरला आसंल तर पेटी तळाला आसंलच की. लोखंडी पेटी वाहून कुटं जातीया?"

सेशेल्सला गेलेल्यांना रंगीत मासे दिसत असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि मला त्याची लाज वाटली.

आम्ही तिघे दुसऱ्याच दिवशी निघालो. कराडला एस.टी. बदलली, शेवटचे दोन मैल टाकी बैलगाडीत. हवालदारांच्या घरी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताक. हवालदार सत्तरीचे, काठीसारखे ताठ, बोलणं अगदी कमी. वाढत होती ती त्यांची सून, आनसाबाई. पस्तिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा. सासरे हात धुवायला बाहेर गेले तेव्हा ती दारामागून म्हणाली, "पावनं, इचारा काय इचारायचं त्ये."

मी विचारलं, ते गेले तेव्हा काय घेऊन गेले होते?

"काळी पेटी. वर पांढऱ्या रंगानं नंबर. पितळी कुलूप." ती थांबली. "वर्दी घालूनच निघाले. आंगावर सगळं जितल्या तितं. बुटास्नी मीच पालिश केलं रातच्याला. नदीपातूर जाऊ द्या म्हणलं तर नगं म्हणाले, थंडी हाय. उंबऱ्याला बुटाचं नाल वाजलं त्यो आवाज शेवटचा."

"आणि पेटी सापडली तर?" मी विचारलं.

"तर त्यांनी तोंड लपवलं न्हाई आसं व्हईल. मामंजी पारावर जातील." आणि मग अगदी सहज, मीठ वाढावं तशी म्हणाली, "मी रांडाव व्हईन. चालंल मला."

डोह गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर उताराचं पाणी खळखळत येतं आणि तिथे पोचताच गप्प होतं. हे मी समुद्रावर कधी पाहिलं नव्हतं. वारा होता, काठचा ऊस सळसळत होता, पण पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. काठाला शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा (पाण्यात राहणाऱ्या सात देवता). आनसाबाईने त्यांच्यापुढे दहीभात ठेवला, खण ठेवला, बांगड्या ठेवल्या. गावातली पंचवीस-तीस माणसं येऊन उसाच्या सावलीत उभी होती. सात बाजांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं तरी या डोहाचा तळ लागत नाही, असं मला रस्त्यातच दोघांनी ऐकवलं होतं.

मी शिशाचा पट्टा कमरेला बांधला. मिस्त्रींना दोरीच्या खुणा समजावल्या. एक हिसका म्हणजे ठीक आहे, चार म्हणजे वर ओढा. पेटीसाठी दुसरी दोरी बरोबर घेतली. हवालदार पुढे आले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "ह्ये पान्याखाली आस्तोवर कुनी नाव घ्यायचं न्हाई. ह्यांचंबी न्हाई, त्याचंबी न्हाई."

मामा कुजबुजले, "नाव ऐकलं की ठेवून घेतात म्हणे." मला आईचे शब्द आठवले. या खेपेला हसू आलं नाही.

पहिले दहा फूट पाणी हिरवं होतं, मग चहासारखं, मग काहीच नाही. स्वतःचा हात काचेला लावला तरी दिसेना. समुद्रात खाली जाताना नेहमी कसला ना कसला आवाज असतो, शिंपले, मासे, दूरची इंजिनं. इथे फक्त माझा श्वास. थंडी एखाद्या पायरीसारखी लागली, कमरेखाली बर्फ आणि कमरेवर ऊन. पस्तीसेक फुटांवर पाय गाळात रुतले. तळ होता. सात बाजांचं सुंभ सुखाने उरलं असतं.

आंधळ्यासारखा मी हातांनी चाचपत गुडघ्यांवर सरकू लागलो. गाळात बोटं घातली की काचेचा बारीक चुरचुर आवाज. बांगड्या. मूठभर, ओंजळभर, जिथे हात घालावा तिथे बांगड्या. किती पिढ्यांच्या बायकांनी सोडलेल्या, कोण जाणे. एकदा मऊ कापड हाताला गुंडाळलं आणि सुटेना. तो कुजका खण असणार, पण ते मी आता म्हणतो. तेव्हा मी तो हात झटकत राहिलो.

आणखी एक सांगायचं आहे, ज्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. कापड सुटलं तेव्हा स्वतःला सावरायला मी श्वास रोखून धरला. नळीतून हवेचा आवाज थांबायला हवा होता. तो थांबला, आणि मग एकदा पुन्हा आला. आत घेतलेला एक लांब श्वास, माझ्या डाव्या खांद्याशी. खडकाला आपटून परतलेला आवाज असेल. मी तिकडे हात लांबवला. हात पेटीच्या कडीला लागला.

मला कोणी खुळा म्हणा, पण त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मी दोरी कडीला बांधली, गाठ दोनदा तपासली आणि चार हिसके दिले.

वर आलो तेव्हा काठावर कोणी हात पुढे केला नाही. कमरेएवढ्या पाण्यात मी उभा, तोंडातली नळी काढलेली, दात वाजताहेत, आणि सगळे मागे सरकलेले. हवालदार एकटे पुढे आले. पहाऱ्यावरचा शिपाई अनोळखी माणसाला अडवतो तशी काठी आडवी धरून त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. मिस्त्री हळूच म्हणाले, "सांगा. दमाच्या भायेर पान्यात ऱ्हायलेल्याला इचारत्यात. वर त्योच आला का दुसरंच काय."

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं.

"आईचं नाव?"

"सुमती."

"त्ये सासरचं. बायका पान्याव आल्या की त्याच नावानं हाका मारत्यात, ते पान्याला ठावं आस्तंय. म्हायेरचं सांगा."

माझ्या आईने आयुष्यात कृष्णेवर पाणी भरलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार. आणि खरंच सांगतो, मला आठवेना. तीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आईचं जन्मनाव आठवेना. मामा काहीतरी बोलायला पुढे झाले, तर हवालदारांनी हाताने त्यांना गप्प केलं. एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली. मी त्या पाण्यात कुडकुडत उभा, आणि मलाच क्षणभर खात्री वाटेना की वर मीच आलो आहे. मग सांगलीचा फलाट आठवला.

"चंपा," मी म्हणालो. "चंपी."

हवालदारांनी काठी खाली केली आणि मला हात दिला.

पेटी ओढायला सहाजण लागले. लोखंड गंजून चाळण झालं होतं, काळा रंग पोपडे होऊन गळत होता. झाकणावरच्या पांढऱ्या आकड्यांतले दोनच कसेबसे उरले होते. हवालदारांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि पुढचे सगळे आकडे तोंडपाठ म्हटले. मग ते मागे वळून गावाला म्हणाले, "माझं पोरगं पळालं न्हवतं."

दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोक्यावरची पागोटी काढली.

पितळी कुलूप अजून शाबूत होतं. मिस्त्रींनी दगडाने कोयंडा तोडला. आत गाळ, त्यात पट्ट्याचं पितळी बक्कल, माणसाच्या डोक्याएवढे दोन गोल धोंडे, आणि फौजी बुटांचा एक जोड. टाचांना नाल. मी एक बूट उचलून पाण्यात खळबळला आणि मोठ्या उत्साहाने वर धरला, आणि तसाच थांबलो.

घरून बूट घालून निघालेल्या माणसाचे बूट कुलूपबंद पेटीत कसे? कपड्यांनी भरलेली पेटी लगेच बुडत नाही, ती बुडवायला धोंडे लागतात. असले धोंडे मला तळाच्या गाळात कुठे लागले नव्हते. ते काठावरचे होते. मला दिसलं ते असं. पहाटेच्या अंधारात एक माणूस काठावर बसून बूट काढतो आहे, वर्दी उतरवतो आहे, घडी करून पेटीत ठेवतो आहे. मग कुलूप. मग अनवाणी पायांनी नदीपार, स्टेशनकडे नव्हे.

मी वर पाहिलं. आनसाबाई बुटाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं माझ्याआधीच कळलं आहे.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "आन् बूट पेटीत कसं?"

तिने माझ्या हातातून बूट घेतला. पदराने पुसला. "दुसरा जोड हाय त्यो," ती म्हणाली. "नवा. घालायचा न्हाई म्हनून ठिवला हुता."

हवालदारांनी बूट तिच्याकडून घेतला, उलटा केला आणि टाचेची झिजलेली बाजू बराच वेळ पाहिली. फौजेत हयात गेलेल्या माणसाला नवा बूट आणि जुना बूट कळत नसेल असं मला वाटत नाही. "व्हय," ते म्हणाले. "दोन जोड मिळत्यात फौजंत. आन् धोंडं पुरात घुसलं आसतील." त्यांनी बूट पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

आनसाबाई सात दगडांपाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही हात दगडावर आपटले. हिरव्या काचा उडून पाण्यात पडल्या. मग तिने ओल्या तळव्याने कपाळ पुसलं. तेव्हा कुठे बायकांनी गळा काढला. ती स्वतः रडली नाही. मी मात्र रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. मामा आणि मिस्त्री टपरीवर चहा घेत होते. पारावर हवालदार चारचौघांत बसलेले मी येताना पाहिले होते, धुतलेलं पागोटं, मान ताठ. उसातल्या पायवाटेने आनसाबाई आली. कपाळ रिकामं, हात रिकामे. सुतकातल्या बाईने असं बाहेर पडायचं नसतं, म्हणून ती उसाच्या कडेलाच थांबली.

"पावनं, तुमच्या मुलकात आपल्याकडची मानसं हायती?" तिने विचारलं.

मी म्हणालो, पुष्कळ आहेत. गोदीत आहेत, रेल्वेत आहेत, दुकानांत आहेत. काही जण कुठून आले ते सांगतसुद्धा नाहीत.

"त्यातला कुनी..." ती थांबली. "चाळिशीचा आसंल आता. डाव्या भिवईत खाप हाय." मग तिने गावाच्या दिशेने एकदा पाहिलं. "काय इचारू नका त्यास्नी. का गेले, कुटं गेले, काय न्हाई. येवढंच म्हना, आता येऊ नका."

"तुम्हाला राग नाही?" मी विचारलं. विचारू नये ते मी नेहमीच विचारतो.

"लय हाय," ती म्हणाली. "पर म्हाताऱ्याचं राह्यलंय किती? त्ये वर मान करून मरू द्या." आणि आली तशी उसात शिरली.

परतीच्या जहाजावर रिकाम्या टाक्या माझ्या पलंगाखाली गडगडत होत्या. डेकवर चाळिशीतला माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या डाव्या भिवईवर जायची. एकदोघे चिडले. घरी आल्यावर आईला मी फक्त विचारलं, तुझं नाव चंपा ना? ती चपापली आणि म्हणाली, "किती वर्षांनी ऐकलं." बंदरातले दोस्त सेशेल्सच्या माशांचे फोटो दाखवतात आणि मला विचारतात, तुला काय दिसलं? मी सांगतो, पाणी गढूळ होतं.

आपला हा अंक मोंबासाहून नैरोबीला जातो, दारेसलामला जातो, झांझिबारला जातो, आणि एक प्रत दहा घरं फिरते हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हे सगळं लिहिलं. ज्या गृहस्थांची काळी पेटी आहे त्यांना नावगाव नसलं तरी ओळख पटेल. गावात तुमचं सारं रीतसर झालं आहे. वडील पारावर बसतात. बूट दुसऱ्या जोडातले होते असं ठरलं आहे. आता येऊ नका.